सुटणारा की उलटणारा

हळर्णच्या गोकुळदासाला कधी चहा विचारून बघा. "घेशील का?" म्हटलं की तो आधी तुमच्या तोंडाकडे बघणार, मग बायकोच्या, आणि बायको जवळ नसली तर छपराकडे. शेवटी तुम्हालाच विचारणार, "घेऊ म्हणतोस?" लग्नाच्या वेळी भटजींनी "मुलगी पसंत आहे ना?" विचारलं तेव्हाही ह्या गृहस्थानं मामाकडे बघितलं होतं, असं त्याची बायको कमलाक्षी आजही सांगते. आणि हसत नाही सांगताना.

बरं, माणूस मुखदुर्बळ म्हणावा, तर तसंही नाही. अख्ख्या गावाच्या तोंडात शब्द घालण्यात त्याचा जन्म गेला. दिवसा तो पेडण्याच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात, लोकांचे अर्ज टाईप करतो. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला घर दुरुस्तीची परवानगी. "मी खाली सही करणार" इथून सुरू करून गोकुळदास त्या माणसाची अडचण अशी मांडतो, की वाचून दाखवल्यावर त्या माणसालाच स्वतःची दया येते. आणि देवळाच्या वर्धापनदिनाला गावात नाटक लागतं तेव्हा विंगेत, पडद्याच्या आडोशाला, एका डुगडुगत्या कदेलीवर तो प्रॉम्प्टर म्हणून बसतो. कदेल म्हणजे खुर्चीच, पण आमच्याकडे खुर्चीवर पाहुणे बसतात आणि कदेलीवर हक्काची माणसं.

आमच्या नाटकात प्रॉम्प्टर काय चीज असते, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. नायकाचं काम करणारा गौरेश डिचोलीकडे सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवतो. तालमीला येतो तो कानात तांबडी धूळ घेऊनच. तो बिचारा पाठांतर कधी करणार? तो फक्त विंगेकडे कान देतो. गोकुळदास हळू आवाजात वाक्य सोडतो आणि गौरेश ते असं गरजतो, की पुढच्या रांगेतलं झोपलेलं मूल उठून बसतं. लोक म्हणतात, काय पाठांतर आहे पोराचं! गोकुळदास आत बसून खूश. टाळ्या दुसऱ्याला, वाक्य आपलं, आणि तेही आपलं कुठे? ते नाटककाराचं.

पण गेल्या वर्षी घोळ झाला. ऐन लढाईच्या वेळी गोकुळदासाला वहीतली ओळच सापडेना. गौरेश तलवार उगारून उभा, आणि आतून आवाज नाही. हात भरून आला तरी त्यानं तलवार खाली घेतली नाही, धन्य त्याची. शेवटी समोरच्या शत्रूलाच दया आली आणि वार न होताच तो पडला. लोक पोट धरून हसले.

"आजकाल शाईच फिकी येता," गोकुळदास म्हणाला.

शाई कसली फिकी! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. म्हापशाच्या डॉक्टरनं तपासून स्वच्छ सांगितलं होतं, "दोन्ही सारखेच पिकलेत. ऑपरेशन लहानसं आहे. उजवा आधी करूया की डावा? तुम्ही म्हणाल तो." आता हे कुणाला विचारायचं ते गोकुळदासाला कळेना. तो म्हणाला, "विचारून सांगतंय." आणि जो घरी आला तो आलाच.

"डोळे तुमचे, आनी विचारतलात कोणाक?" कमलाक्षीनं तेव्हाच विचारलं होतं.

खरी गोष्ट अशी की गोकुळदासाला भीती वाटत होती. डोळ्यात कुणी काही घालणार ह्या नुसत्या विचारानंच त्याचे हातपाय गार पडत. पण भीती वाटते म्हणायला तोंड लागतं, आणि हे असलं वाक्य त्याला आतून कुणी सोडत नव्हतं.

यंदा वर्धापनदिनाची तयारी सुरू झाली तसा प्रज्योत घरी आला. नाटक बसवणारा तोच. पोरगा गुणी, मोठ्यांना मानणारा; सगळ्या गावासारखा तोही गोकुळदासाला मास्तरच म्हणतो. चहा संपेपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "मास्तर, यंदा तुमी पयल्या रांगेत बसून नाटक पळयात. विंगेत दुसऱ्या कोणाक तरी बसयतंव."

गोकुळदासानं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पहिल्या रांगेत! तिथे सरपंच बसतात, देणगीदार बसतात, आणि ज्यांचं आता काही काम उरलेलं नाही असे म्हातारे बसतात. त्याला एकदम रडू येईल असं वाटलं. आणि काय झालं कोण जाणे, तो बोलून गेला, "मी यंत्र घेतंय. वहीतली अक्षरां यंत्रार व्हडलीं करून वाचतंय."

"बरें तर," प्रज्योत म्हणाला. "तालमीक बघूया. यंदा जमूंक ना, तर मात्र मास्तर..." पुढचं त्यानं सांगितलं नाही, पण सांगायला हवंच असं नव्हतं.

योगायोग असा की झेरॉक्सच्या दुकानातला जुना कॉम्प्युटरही त्याच सुमारास कायमचा झोपला होता. म्हणजे दिवसा टायपिंगला एक यंत्र हवं, आणि संध्याकाळी विंगेत हातात धरून वाचायला दुसरं. गोकुळदास म्हापशाला गेला.

त्या भल्यामोठ्या दुकानात कोमल नावाची एक हसतमुख मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला टू-इन-वन पाहिजे. लॅपटॉप पण तोच, टॅबलेट पण तोच."

गोकुळदासाला काय आनंद झाला म्हणून सांगू! निवड करायलाच नको! दोन्ही एकातच! जन्मभर तो असंच काहीतरी शोधत होता.

"ह्यात दोन प्रकार आहेत," कोमल म्हणाली, आणि आनंद तिथेच मावळला. "हा सुटणारा. कीबोर्ड ओढला की निघतो, मग नुसती पाटी हातात. आणि हा उलटणारा. ह्याचा कीबोर्ड निघत नाही, पाठीमागे फिरतो. कुठला दाखवू?"

"कुठला दाखवतेस?"

तिनं दोन्ही दाखवले. सुटणारा हलका, पण मांडीवर नीट उभा राहत नाही, मागून टेकू काढून द्यावा लागतो. उलटणारा मांडीवर घट्ट बसतो, टायपिंगला उत्तम, पण पाटी करून हातात धरला की मनगट दुखवतो. आणि कीबोर्ड मागे गेल्यावर बोटं लागून भलतंच टाईप झालं तर? "नाही होत काका, उलटला की बटणं आपोआप बंद पडतात." आणि सुटणाऱ्याची बॅटरी? ती पाटीत. आणि उलटणाऱ्याचं बिजागर खिळखिळं झालं तर? आणि काच? आणि पडद्यावर लिहायचं पेन घ्यावं की बोटानं भागेल? गोकुळदास विचारत गेला आणि कोमल सांगत गेली. प्रत्येक उत्तरानं त्याचा गोंधळ शेरभर वाढत होता.

"म्हणजे दोन्ही बरे?"

"दोन्ही बरे."

"आणि दोन्ही वाईट?"

कोमल खुर्चीवर बसली. "दिवसभर टायपिंग करायचं म्हणजे उलटणारा," ती स्वतःशीच म्हणाली. "पण संध्याकाळी हातात धरून वाचायचं म्हणजे सुटणारा. पण टायपिंग तर रोजचं... थांबा हं काका." आता तीही कपाळाला हात लावून बसली. गोकुळदासाचा तो गुणच आहे, लागण होते त्याची.

मग तिनं वाचून बघायला म्हणून पडद्यावर दोन ओळी उघडल्या. "दिसतं?"

"दिसतं. थोडं व्हडलं कर."

तिनं मोठं केलं. "आता?"

"आनी मात्शें."

करता करता पडद्यावर चारच शब्द मावले. कोमल हसायची थांबली. "काका, एवढं मोठं तर माझ्या आजीला पण लागत नाही. डोळे कधी दाखवलेत?"

"काचेर धूळ आसा," गोकुळदास म्हणाला आणि खिशातला रुमाल काढून त्यानं कोरी करकरीत काच पुसली. मग म्हणाला, "विचारून येतंय."

विचारायला गावात माणसांना तोटा नाही. तिंट्यावर, म्हणजे बाजारातल्या चौकात, चहाच्या दुकानासमोर, बघता बघता दोन पक्ष पडले. झेरॉक्सवाला सुटणाऱ्याच्या बाजूचा. बसचा कंडक्टर उलटणाऱ्याचा, कारण त्याच्या मेव्हण्याकडे तसला आहे आणि मेव्हण्याचं सगळं चांगलंच चाललंय. ज्यांनी जन्मात कीबोर्डला बोट लावलं नव्हतं त्यांचीही ठाम मतं होती. "मास्तर, हें यंत्र तुमच्यासारकेंच," कोणी तरी टोमणा मारला. "ना धड हें, ना धड तें." सगळे हसले. गोकुळदासही हसला, पण घरी येईपर्यंत ते वाक्य त्याच्या चपलेत खड्यासारखं टोचत होतं.

शेवटी त्यानं देवाला विचारायचं ठरवलं. आमच्याकडे अडलं की देवाचा कौल घेतात. भटजी देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवतात. प्रश्न घालायचा आणि बघत बसायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नं, घरं, जमिनीचे वाद, सगळ्यांचे कौल ह्या देवानं दिले होते. लॅपटॉपची ही पहिलीच वेळ.

"सुटपी घेऊं काय उलटपी?" गोकुळदासानं हात जोडून विचारलं.

"तसो प्रश्न चलना," भटजी म्हणाले. "होय काय ना, तेवढेंच विचार."

ह्यावर गोकुळदास इतका वेळ विचार करत राहिला, की मागे कौलाला थांबलेली माणसं खोकायला लागली. घाबरून त्यानं पुटपुटलं, "घेऊं?" उजवी पाकळी टपकन पडली. पुढचं विचारायच्या आत रांगेनं त्याला बाजूला केलं.

"देवान होय म्हळां," घरी आल्यावर तो कमलाक्षीला म्हणाला. "पण खंयचो तें काय कळूंक ना."

"मगे आतां देवाकडल्यान वॉरंटी पण घेयात!" कमलाक्षी कडाडली. तिनं साडी बदलली आणि नवऱ्याला पुढे घालून तडक म्हापशाची बस पकडली. दुकानात तिनं दोन्ही यंत्रं नारळ पारखावा तशी हातात घेऊन पाहिली. सुटणाऱ्याचा कीबोर्ड ओढून काढला आणि कोमलच्या पुढ्यात ठेवला.

"बाय, हो माणूस छत्री बसमध्ये विसरता. चष्मो पाववाल्या पोदेराच्या सायकलीर विसरता. आणि ह्याचो हो भाग सुटो? चार दिसांनी अर्धो लॅपटॉप पेडण्याक आणि अर्धो पणजेक! जो सुटना तो दी."

असा तो उलटणारा घरी आला. गोकुळदासाला हायसं वाटलं. कुणीतरी ठरवलं की त्याला नेहमीच बरं वाटतं.

नव्या कामाला देवाला गाऱ्हाणं घालायची रीत. पहिल्या तालमीला यंत्र देवळात पाटावर ठेवलं, नारळ ठेवला, आणि देवळाच्या मानकरी गावकरांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान, गोकुळदासान, एक उलटपी यंत्र घेतलां, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"तेची बॅटरी नाटकाच्या मधीं संपूंक दिवं नाका, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या लेकराची बोटां आनी दोळे सांबाळ, रे म्हाराजा!"

इथे साथ देताना गोकुळदासाचा आवाज जरा खाली आला.

दिवसा अर्ज आणि फावल्या वेळात नाटक, असं त्यानं अख्खं नाटक स्वतः टाईप करून काढलं. यंदाचा खेळ शाळेतल्या एका शिक्षकानं लिहिलेला. एक किल्लेदार, त्याचा मुलगा, मुलाची आई आणि भोवताली फितूर. अक्षरं मात्र गोकुळदासानं कोमलनं केली होती तेवढीच मोठी ठेवली. त्यामुळे वहीच्या एका पानाची यंत्रात चाळीस पानं झाली. तालमीत काहीच अडलं नाही. यंत्र मेजावर लॅपटॉपसारखं उघडं, डोक्यावर लखलखीत दिवा, आणि पान पुढे न्यायला एक बटण. गौरेश खूश, प्रज्योत खूश. "मास्तर, कदेल तुमचीच," प्रज्योत म्हणाला. आणि वर म्हणाला, "नाटकाच्या दिसा पण असेंच जमूंक जाय."

वर्धापनदिनाला संध्याकाळी देवळासमोर माणूस मावत नव्हतं. विंगेत तर त्याहून दाटी. मेजाला जागाच नव्हती. गोकुळदासानं कीबोर्ड पाठीमागे फिरवला, यंत्राची पाटी केली आणि कदेलीवर बसून ती मांडीवर घेतली. नाटक सुरू झालं. पहिला अंक गेला कसाबसा. पानं बोटानं सरकवायची होती, आणि इतकी पानं, इतकी पानं, की बोटाला उसंत नव्हती.

आणि तिथेच जन्माची सवय आडवी आली. वहीचं पान उलटायचं तर गोकुळदास आधी जिभेला बोट लावणार, मग पान. कित्येक वर्षं असंच चाललेलं. दुसऱ्या अंकात गडबड वाढली तसं ते बोट आपसूक जिभेकडे जायला लागलं. ओल्या बोटाला काच दाद देईना. त्यानं पुन्हा सरकवलं, पुन्हा बोट ओलं केलं, पुन्हा सरकवलं. पान हलेचना. आणि मग एकदम, सगळी सरकवणी एकाच वेळी पटल्यासारखी, पानं भराभर पळाली आणि कुठेतरी जाऊन थांबली.

बाहेर मुलगा लढाईला निघाला होता. आईची भूमिका करणारी सुप्रिया ओवाळायला ताट घेऊन उभी. किल्लेदार बाप, म्हणजे खुद्द प्रज्योत, मिशीला पीळ भरत बाजूला. गौरेशनं विंगेकडे कान दिला. समोर जे चार शब्द दिसले ते गोकुळदासानं वाचले.

गौरेश गरजला, "किल्ला पडला! बाबा गेले!"

प्रज्योतचा हात मिशीवरच राहिला. मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "अरे, बापूस हांगाच उबो आसा मरे!" हशा असा पिकला की विंगेचा पडदा हलला.

हे वाक्य शेवटच्या अंकातलं होतं.  गोकुळदासानं पानं मागे न्यायला बोट घासलं, पान हलेना. पाटी कलली आणि अक्षरं आडवी झाली. सरळ करायला गेला तर उलटी झाली. आणि डोळ्यांपुढे त्या पांढऱ्या उजेडात सगळं दुधात पडल्यासारखं झालं. काही दिसेना. एक अक्षर दिसेना. गेली कदेल, त्याच्या मनात आलं. आता बसा पहिल्या रांगेत.

बाहेर गौरेश त्याच्याकडे बघत होता. सुर्ल्याच्या खाणीत अवजड ट्रक बिनधास्त उतरवणारा तो गडी, पण नजर अशी की मेळ्यात हरवलेलं पोर. त्याला वाक्य हवं होतं, आणि ते वहीत नव्हतं, यंत्रात नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं.

"असं सपान पडलं आई मला पहाटे," गोकुळदासानं हळूच सोडलं.

"असं सपान पडलं, आई, मला पहाटे!" गौरेश म्हणाला. हशा थांबला.

"पाऊल उचलत नाही माझं. मला भीती वाटते."

गौरेश अडखळला. नायक असं म्हणत नसतो. पण प्रॉम्प्टरचा शब्द तो कधी मोडत नाही. "पाऊल उचलत नाही माझं," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, गरजला नाही, नुसतं बोलला. "मला भीती वाटते."

"पण नाही गेलो, तर ते सपान खरं होईल."

"पण नाही गेलो, आई, तर ते सपान खरं होईल."

सुप्रियाच्या हातातलं ताट हललं. प्रज्योत पुढे आला आणि त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. हे नाटकात नव्हतंच. मागच्या रांगेतला तो ओरडणाराही पुढे सरकून बसला. गोकुळदास विंगेत डोळे मिटून बसला होता. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या आवाजात ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. मग त्यानं बोट सदऱ्याला खसखसून पुसलं, डोळे पाटीला लावले आणि पान शोधून काढलं. पुढचं नाटक सुरळीत पार पडलं. टाळ्या म्हणाल तर गौरेशला एवढ्या कधीच मिळाल्या नव्हत्या.

पडदा पडल्यावर प्रज्योत मिशी न काढताच विंगेत धावत आला. "मास्तर, तीं वाक्यां खंयचीं? माका तालमीक आयकल्यासारकीं दिसनांत."

"यंत्रान आसलीं," गोकुळदास म्हणाला.

प्रज्योतनं यंत्राच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. "बरें यंत्र घेतलांत! फुडल्या वर्साय कदेल तुमचीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा भोंगा वाजला. कमलाक्षीनं गरम पाव घेतले, चहा ओतला. नवऱ्यानं घरी मोठ्यानं म्हणत म्हणत टाईप केलेलं ते नाटक तिनं चुलीपाशी बसून अथपासून इतिपर्यंत ऐकलं होतं. ती काल पहिल्या रांगेच्या कडेला बसली होती, आणि पडदा पडल्यावर नवऱ्याला न्यायला विंगेत आली तेव्हा यंत्राला मिळालेली शाबासकीही तिनं ऐकली होती.

"यंत्रान आसलीं, व्हय?" ती आता म्हणाली. "माका भीती वाटता म्हणून यंत्र सांगता?"

गोकुळदासानं कपाकडे बघितलं. कपाच्या कडेला धुकं होतं, ते चहाच्या वाफेचं की आपलं, हे त्याला कळत नव्हतं. कदेल मिळाली होती. पण अक्षरं आणखी किती मोठी करणार? चार शब्दांचे तीन झाले असते, तिनाचे दोन.

"आनी एक पाव दिऊं?" कमलाक्षीनं विचारलं.

"घेतंय," तो म्हणाला. छपराकडे न बघता. मग म्हणाला, "कमळा, त्या डॉक्टराक फोन कर."

"काय विचारूं ताका?"

"विचारूंक नाका. सांग. म्हणचें, उजवो आदीं."